आपला फॉरवर्ड

आमच्या शाळेतले पीटीचे सर इंग्लंडमधल्या एका फुटबॉल खेळाडूबद्दल बोलायचे. सुरुवात कशावरूनही होई. पोषण आहाराच्या तांदळावरून, निवडणुकीच्या ड्यूटीवरून, कोणाच्या तरी घरच्या लग्नावरून. पाच मिनिटांत ते त्याच्यापाशी येऊन पोचत. हा खेळाडू शंभर वर्षांपूर्वीचा, कधीच मरून गेलेला. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात तो पुढच्या फळीत खेळायचा, म्हणजे फॉरवर्ड. आता त्याच्या गावातही त्याला कोणी ओळखत नसेल. रिहे खोऱ्यातल्या आमच्या शाळेत मात्र पाचवीच्या पोरालासुद्धा तो कोणत्या पायाने मारायचा ते ठाऊक होतं. सर त्याचं नाव क्वचितच घेत. ‘आपला फॉरवर्ड’ म्हणत. आणि पोरं सरांना ‘गोऱ्याचे सर’ म्हणत.

मी त्या शाळेत इंग्रजी शिकवते. माहेर परभणीकडचं. नवरा हिंजवडीत नोकरीला, म्हणून घर सूसला. रोज स्कूटरवर जायचं आणि रोज यायचं. जाताना डंपरची धूळ, येताना कंपन्या सुटल्याची गर्दी. घरी पोचल्यावर हेल्मेट काढून मी थोडा वेळ पार्किंगमध्येच बसून राहते. वर गेलं की पुन्हा कोणाचं तरी काही तरी असतंच. हे सांगते, कारण पुढे माझ्या हातून एक चूक झाली आणि ती दमल्यामुळे झाली असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

सरांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. अंगाने काटक, थोडे पाठीत वाकलेले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांच्यावर डाग पडला की वर्गातला खडू घेऊन तिथल्या तिथे घासत बसत. गळ्यात शिट्टी. मुख्याध्यापिकाबाईंच्या मुलीच्या लग्नात सफारी घालून आले, त्या सफारीवरही शिट्टी होतीच. बाईंनी जरा नाराजीनेच विचारलं, तर म्हणाले, “काढली की मान हलकी लागते बाई. झोप येते.” लग्न केलेलं नव्हतं. रिह्यातच एका घराच्या मागच्या खोलीत राहत.

स्टाफरूममध्ये मी शेवटच्या तासानंतर उभ्या उभ्या वह्या गोळा करत असले की म्हणायचे, “दमलात? मग बसा. दमलेला माणूस उभा दिसला की बघणारापण दमतो.” हे त्यांचं वाक्य मला पाठ झालं होतं. बसून काही फायदा नसे, पण मी बसत असे.

फुटबॉल शिकवणारा हा माणूस स्वतः बॉलला पाय लावत नसे, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. बॉल घरंगळत पायाशी आला तरी खाली वाकायचे, दोन्ही हातांनी उचलायचे आणि पोरांच्या हातात द्यायचे. आणि मैदानावर त्यांचा एकच नियम होता. मागून नाही. समोरून अडवा, बाजूने अडवा, धक्का लागला तरी चालेल, पण पळणाऱ्याच्या मागून पाय घालायचा नाही. कोणी घातला तर खेळ तिथेच बंद. बॉल कपाटात आणि आठवडाभर नुसती कवायत. एकदा सातवीतल्या एकाने चुकून घातला. ज्याला लागलं तो हसत उठलाही. पण सर गोलपोस्टला धरून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा बघून पोरं न सांगता वर्गात निघून गेली.

आणखी एक गोष्ट. त्यांचं मूळ गाव चांदे. माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरचं. तिथे भाऊ होता, घर होतं. पण सर त्या रस्त्याने कधी जात नसत. पुण्याला काही काम निघालं तर पिरंगुटवरून जाणारी बस धरत. मी कितीदा म्हटलं, “सर, बसा मागे. सूसपर्यंत सोडते, तिथून बस मिळेल.”

“नको बाई. मला पिरंगुटवरून बरं पडतं.”

“अहो, लांब पडतं.”

“मला बरं पडतं,” एवढंच.

भावाचा मुलगा वर्षातून दोनदा येऊन तांदूळ देऊन जाई. गावच्या उत्सवालाही सर जात नसत.

मुळशीचा पाऊस एकदा लागला की चार महिने मैदानाचं तळं होतं. मग पीटीचा तास वर्गात. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की शेजारच्या वर्गात मला व्याकरण शिकवता येत नसे. पोरांना उतारा लिहायला देऊन मी भिंतीपलीकडचे सर ऐकत बसे. फॉरवर्डची सगळी हकिकत मी अशी भिंतीआडून ऐकली आहे.

त्याचा बाप कोळशाच्या खाणीत होता. हाही पोरवयात खाणीत उतरला. संध्याकाळी वर आला की अंघोळीआधी खेळायचा, म्हणून अंगावर कोळसा तसाच. त्यांचं मैदान चढाचं होतं. “आपल्या वाडीवरच्या रस्त्यासारखं,” सर सांगत. “बाकीची पोरं उताराकडं मारायला मिळावं म्हणून भांडायची. आपला फॉरवर्ड म्हणायचा, मला चढ द्या. मग सपाट मैदानावर गेल्यावर त्याचा बॉल कोणाला दिसेना.” तेव्हाचा बॉल चामड्याचा. पावसात पाणी पिऊन भोपळ्यासारखा जड व्हायचा. त्याला बुटासारखी नाडी असायची आणि डोक्याने मारताना ती कपाळात रुतायची. “कपाळावर नाडीची खूण होती त्याच्या. फोटोत दिसते.” सर तो फोटो वर्गभर फिरवत. मध्ये भांग पाडलेला, ओठ आवळलेला एक गोरा तरुण. आमच्या कोणत्याही इयत्तेत खपून गेला असता इतका साधा.

मोठ्या क्लबने त्याला खाणीतून उचलून नेलं. एका मोसमात त्याने इतके गोल केले की लोक त्याच्या नावाने बाजारात मासे विकू लागले. देशाच्या संघात घेतला, तो एकदाच. त्या दिवशी त्याच्याकडे कोणी पास दिलाच नाही. त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. पण तो शनिवारमागून शनिवार क्लबसाठी खेळत राहिला. आणि मग एका शनिवारी पलीकडच्या संघाच्या बॅकने, म्हणजे बचाव फळीतल्या खेळाडूने, मागून येऊन त्याच्या गुडघ्यावर पाय घातला.

इथे सर थांबत. पोरं विचारत, “मंग वो सर?”

“पुढचं पान नाही.”

हे खरंच होतं. पुण्यात रद्दीच्या दुकानात त्यांना तरुणपणी एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्यातलं एक प्रकरण या फॉरवर्डचं. शेवटची पानं फाटलेली. शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावत त्यांनी ते वाचलं होतं. तीस वर्षं ते त्या फाटलेल्या पानापाशी थांबले होते.

त्या पावसाळ्यात धनगरवाड्यावरची एक मुलगी वैतागून म्हणाली, “सर, मंग गुगलवर बघा की वो! तुमी दर साली हितंच थांबताय.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. शाळेच्या संगणकावर दोघांनी मिळून बघितलं. त्या फॉरवर्डबद्दल इंटरनेटवर एवढीशी माहिती होती. कोणत्या क्लबकडून कधी खेळला, कुठे जन्मला, कुठे मेला. दुखापतीनंतर तो पुन्हा उभा राहिला, खालच्या दर्जाच्या दोन क्लबांत लंगडत खेळला आणि मग थांबला. मला वाटलं, झालं, मिळालं पुढचं पान. सरांनी ते तीनदा वाचायला लावलं.

“आणि तो बॅक?” त्यांनी विचारलं.

“कोणता बॅक?”

“ज्याने पाय घातला. तो नंतर याला भेटला का, ते नाही दिलं?”

“असं कोण लिहून ठेवेल सर?”

“विचारता येईल का कोणाला?”

त्या क्लबचे जुने कागद सांभाळणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांचा ईमेलचा पत्ता मिळाला. सरांनी मराठीत मजकूर सांगितला, मी इंग्रजीत लिहिला. मुळशी तालुक्यातील एक क्रीडाशिक्षक आपणांस नम्रपणे विचारू इच्छितो, असं. सरांना ते ‘नम्रपणे’ हवंच होतं.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. माझ्या मेलवर आलं आणि नेमकं त्या आठवड्यात आलं जेव्हा निकाल ऑनलाइन भरायचे होते, साइट चालत नव्हती आणि घरी सासूबाई आजारी होत्या. मी फोनवर मेल उघडली. वरचा परिच्छेद वाचला. ‘त्या दोघांच्या भेटीची क्लबकडे कोणतीही नोंद नाही, क्षमस्व.’ खाली सही. मी सरांना व्हरांड्यातच सांगितलं, “काही नोंद नाही म्हणतात सर.”

सर “बरं” म्हणाले. शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही आणि मैदानाकडे गेले.

त्यानंतर त्यांनी फॉरवर्डची गोष्ट सांगणं बंद केलं. पुढचा पावसाळा लागला. पोरं “सर, गोऱ्याचं सांगा” म्हणत, तर सर बाकं मागे सरकवून सूर्यनमस्कार घालायला लावत. भिंतीपलीकडून नुसते आकडे ऐकू येत. मला वाटलं, माणूस दमला. निवृत्ती जवळ आली की होतं तसं.

एका रविवारी मेलबॉक्स भरली म्हणून मी जुन्या मेल पुसत होते. ती सापडली. पुसण्याआधी उघडली आणि सहीच्या खाली बोट गेलं. खाली अजून मजकूर होता. त्या गृहस्थांनी सही केल्यावर पुन्हा लिहायला घेतलं होतं. त्यांनी फॉरवर्डच्या नातीला शोधून फोन केला होता. ती म्हातारी झाली होती, पण तिला आजोबा आठवत होते. त्यांनी शेवटी तंबाखू-विडीचं छोटं दुकान टाकलं होतं. तो बॅक शेजारच्या गावात राहायचा, ट्रामने अर्ध्या तासावर. आजोबा त्याच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. म्हातारपणी दुकानाच्या दारात बसून एकच म्हणायचे. यायला त्याला नुसतं ट्राममध्ये तर बसायचं होतं.

दहा महिने ती ओळ माझ्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरांना थांबवलं. माझी चूक सांगितली. कारणं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. “वाचा.”

मी वाचलं, मग मराठीत सांगितलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. बाहेर शिपाई एकेक वर्ग बंद करत होता.

“बाई,” ते म्हणाले, “आज तुमच्या गाडीवर जागा आहे?”

“आहे की. कुठे जायचंय?”

“चांद्यात.”

घोटावड्यात त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं. रस्त्याकडेला उभं राहून बाटलीतलं पाणी प्यायले. मग बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांची शाळेतली भाषा सुटली.

“मी आन माजा येक दोस्त, दोघं चांद्यातलं. एका आळीतलं. भात काढल्यावर खाचरात अनवाणी खेळायचो. त्यो फॉरवर्ड, मी बॅक. त्याच्यावानी खेळनारा मी आजवर बघितला न्हाई बाई. पुण्याकडच्या एका कारखान्यात खेळाडूंच्या कोट्यातनं एक जागा निघाली. दोघं गेलो. त्यांनी चाचणीला आमाला दोन वेगळ्या संघात घातलं. पहिल्या अर्ध्यातच त्यानं दोन गोल केलं. सायेब लोक त्याच्याकडंच बोट दाखवत व्हतं. दुसऱ्या अर्ध्यात त्यो बॉल घेऊन निघाला. मी मागनं गेलो. बॉल हातभर पुढं व्हता. मी बॉल बघितलाच न्हाई.”

एक डंपर आला, तो जाईपर्यंत ते थांबले.

“गुडघा फिरला त्याचा. आवाज आला. टेम्पोत घालून नेला त्याला. मी टेम्पोच्या मागं पळालो, पार गेटपतुर. आत बसलो न्हाई. त्येवढंच. त्या दिसापासनं त्याच्या म्होरं गेलो न्हाई.”

“आणि जागा?”

“मला मिळाली. मी गेलो न्हाई. घरी सांगितलं, डॉक्टरी तपासणीत नापास झालो.”

मग त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, ते वाकडं बसलं, पुन्हा काढून लावलं. “चला,” म्हणाले.

त्या मित्राचं पंक्चरचं दुकान चांद्यातच रस्त्यावर होतं. पत्र्याची टपरी, बाहेर जुन्या टायरांची चळत. मी त्या दुकानावरून रोज जात होते. एकदा माझ्या गाडीत हवाही तिथेच भरली होती. अंगाने सुटलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस बाकावर बसला होता. डावा पाय सरळ पुढे काढून डब्यावर ठेवलेला. एका आयटीवाल्या मुलाच्या बाइकची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

त्याने मान वर केली. सरांना बघितलं. पुन्हा पाण्यात बघायला लागला.

“भैया, कितना टाइम?” मुलगा म्हणाला.

“हो गया, साब. दस मिनिट.”

त्याने ती दहा मिनिटं पुरी घेतली. नंतर एक रिक्षा आली, तिचंही चाक काढलं. सर बुटांच्या टोकाकडे बघत उभे होते. रिक्षाचा टायर निघेना, तेव्हा तो माणूस न बघता म्हणाला, “धर.”

सरांनी खाली बसून टायर धरला. दोघांनी मिळून काढला. रिक्षावाला चहा प्यायला पलीकडे गेला.

“माजी आय गेली तवा तुजा भाऊ आला व्हता,” तो म्हणाला. “तू न्हाई आलास.”

“न्हाई आलो.”

“माज्या लग्नाला न्हाई आलास.”

“न्हाई.”

“मंग आज काय काडलं?”

सरांनी हातातला टायर खाली ठेवला. “मी त्या दिशी मुद्दाम मारलं. चुकून न्हाई.”

“ठावं हाय.”

सर त्याच्याकडे बघत राहिले.

“पंचाला दिसलं न्हाई. मला दिसलं. पास कुणाला द्यावा म्हनून मी मागं वळून बघितलं. तुजं डोळं बॉलवर नव्हतं. माज्या गुडघ्यावर व्हतं.”

“मंग कुणाला बोलला का न्हाईस?”

तो माणूस फडक्याने हात पुसत राहिला. एकेक बोट, नीट. “बोललो असतो तर तुला बी काडला असता. माजं तर गेलंच व्हतं. म्हनलं, दोगांतला येक तरी जाऊ दे. चांद्यातला कुनीतरी त्या कारखान्याचा शर्ट घालू दे.” मग त्याचा आवाज चढला. पहिल्यांदाच. “आन तू गेलाच न्हाईस! आरं, जायाचं नव्हतं तर माजा पाय मोडलास कशाला?”

मी दुसरीकडे तोंड केलं. रस्त्यावरून गाड्या चालल्याच होत्या.

“जा आता,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक येतंय.”

आम्ही निघालो. सर गाडीवर बसले नाहीत. भावाकडे जातो म्हणाले आणि गावात वळले. पांढऱ्या बुटांना वंगण लागलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मला वाटलं होतं तसं पुढे काही झालं नाही. गळाभेट झाली नाही, तो माणूस शाळेत आला नाही. सर मात्र दर रविवारी चांद्याला जायला लागले. सोमवारी मी विचारायची, “काय म्हणाले?” सर म्हणायचे, “परत कशाला आलास म्हणाला.” पुढच्या सोमवारी तेच. एकदा म्हणाले, “आज काही म्हणाला नाही.” त्याचाही त्यांना आनंद झालेला दिसला नाही. ते तिथे बसायचे, टायर धरायचे, दुपारच्या बसने परत यायचे. वर्गात पुन्हा फॉरवर्डची गोष्ट सुरू झाली. तंबाखूच्या दुकानापर्यंत यायची आणि तिथे संपायची. पोरांना हा शेवट आवडला नाही. “येवढंच का?” असं त्या धनगरवाड्यावरच्या मुलीने स्पष्ट विचारलं. सर म्हणाले, “येवढंच.”

निवृत्तीच्या आधीच्या डिसेंबरात सरांनी रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापिकाबाई चकित झाल्या, कारण सरांनी रजा कधी घेतलीच नव्हती. कारणाच्या रकान्यात ‘रुग्णसेवा’ लिहिलं होतं. मित्राचा गुडघा आता पुरता गेला होता, तो बदलायचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात ठरलं होतं. त्याचा मुलगा कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याला सुट्टी नव्हती. बायकोला जिने चढवत नव्हते. रात्रंदिवस सोबत राहायला कोणी तरी पाहिजे होतं.

“त्यांनी बोलावलं तुम्हाला?” मी विचारलं.

“नाही. मुलगा फोनवर कोणाला तरी विचारत होता, मी टायर धरून बसलो होतो. मी म्हटलं, मी राहतो. तो काही बोलला नाही.”

त्यांचे पीटीचे तास माझ्याकडे आले. मी पोरांना बॉल देऊन झाडाखाली वह्या तपासत बसे. तिसऱ्या दिवशी कोणी तरी पळणाऱ्याच्या मागून पाय घातला आणि माझ्या काही लक्षात येण्याआधी पोरांनीच खेळ थांबवला. बॉल माझ्याकडे आणून दिला. कपाटाची किल्ली मागितली.

शनिवारी शाळा लवकर सुटली तशी मी दवाखान्यात गेले. वॉर्ड शोधेपर्यंत पाय भरून आले. कॉरिडॉरमध्ये रांगेने नातेवाईक जमिनीवर बसलेले, डबे उघडलेले. त्या रांगेमधून ते दोघं येत होते. मित्र वॉकर धरून, दात आवळत, एकेक पाऊल टाकत. सर त्याच्या समोर, उलटे, मागे मागे चालत. दोन्ही हात पुढे केलेले, पण त्याला न लावता.

“डावा. आता उजवा. गुडघा वाकव, घाबरू नको. वाकतोय.”

“तुला काय जातंय सांगाया,” मित्र घामाने निथळत होता. “तुजा वाकव.”

“डावा.”

मला बघून मित्र थांबला. वॉकरवर रेलला. “बाई, ह्याला शाळंत घेऊन जावा. सकाळधरनं त्या गोऱ्याचं लावलंय. चामड्याचा बॉल आन खान आन काय काय. माजा गुडघा दुकतोय का डोकं, तेच कळंना.”

सर ओशाळून हसले. पाच-सात दिवसांची दाढी वाढली होती. डोळे खोल गेले होते. ते रात्री पलंगाखाली चटई टाकून झोपत आणि दर दोन तासांनी उठत, हे मला मग शेजारच्या पेशंटच्या बायकोने सांगितलं.

त्याला पलंगावर निजवेपर्यंत सिस्टर आली. हातात डिस्चार्जचे कागद. सोमवारी घरी सोडणार होते, पण सही आज हवी होती. तीही सकाळपासून उभी असावी. पेन कागदावर टेकवून, वर न बघता तिने सरांना विचारलं, “पेशंटचे तुम्ही कोण?”

सरांनी तोंड उघडलं.

“भाऊ? मेहुणे? काय लिहू?”

“मी...” सर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं, जणू याचंही इंग्रजी मला माहीत असेल.

मित्राने उशीवरून मान थोडी उचलली. “ह्यानं माजा पाय मोडला व्हता, शिस्टर,” तो म्हणाला. “तीस-पस्तीस वर्सं झाली. आता ह्योच चालवतुया. याला काय म्हनत्यात ते तुमीच ल्हिवा.”

सिस्टरने क्षणभर दोघांकडे बघितलं. तिला पुढचे चार पलंग उरकायचे होते. तिने रकान्यात ‘मित्र’ लिहिलं आणि कागद सरांच्या पुढे केला. सरांनी खिसे चाचपले. पेन नव्हतं. मी माझं दिलं. पलंगाच्या कडेला कागद ठेवून ते वाकले. सही करायला त्यांना फार वेळ लागला. सिस्टर थांबली, मीही थांबले आणि मित्र डोळे मिटून म्हणाला, “कर की लवकर. त्यांना बी कामं हायेत.”